मी पुसलेली छावणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही — आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं, त्याच्याजवळ तर नाहीच. मंदार, माझा नवरा, सध्या घरी नाही. म्हणून तर लिहायला बसायची हिंमत झाली. तो इथे असता, जिन्यावर त्याची पावलं वाजत असती, तर मी पुन्हा लॅपटॉप मिटला असता, चहा टाकला असता, आणि आणखी काही वर्षं गप्प बसले असते. गप्प बसणं मला येतं. फार चांगलं येतं.

कुठून सुरू करू? दुधापासून करते. हसू नका.

मंदार फ्रिजमधून दुधाची बाटली काढतो, झाकण उघडतो, वास घेतो, तोंड वाकडं करतो — म्हणजे त्याला कळलेलं असतं — आणि तरी बाटली माझ्या नाकापुढे धरतो. "स्मिता, हे नासलंय का गं?" मी "हो" म्हटल्याशिवाय तो ते सिंकमध्ये ओतत नाही. इथे ऑकलंडमध्ये फ्लॅट बुशहून माउंट वेलिंग्टनला आम्ही दोघं एकाच गाडीने कामाला जातो. मोटरवेवर लेन बदलायची तर आधी तो आरशात बघतो, मग मान वळवून बघतो, रस्ता मोकळा असतो — आणि मग मला विचारतो, "जाऊ ना?" मित्रमंडळी म्हणतात, काय गोड नवरा मिळालाय तुला, बायकोला विचारल्याशिवाय पान हलत नाही ह्याचं.

तो असा नव्हता. कुणाला खरं वाटणार नाही, पण तो भयंकर आत्मविश्वासाचा माणूस होता. त्याला असं मी केलं. एका दुपारी, ऑफिसातल्या खुर्चीत बसून.

आम्ही तेव्हा वेल्समध्ये राहत होतो, एका लहानशा गावात, मासे तळायच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पुण्यात पुरातत्त्व शिकून मंदार तिथे संशोधनाला आला होता. मी सर्व्हेच्या एका कंपनीत नोकरी करत होते. विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजतात, त्या मोजणीतून जमिनीचं चित्र तयार करायचं, हे माझं काम. घर माझ्या पगारावर चालायचं आणि त्याबद्दल माझी तेव्हा काही तक्रार नव्हती.

मंदारचा विषय ऐकून पुण्याचे नातेवाईक चक्रावायचे. रोमन सैन्याच्या सरावाच्या छावण्या. सैन्य मोहिमेवर निघालं की रोज मुक्कामाला खंदक खणायचा, त्याच्या मातीचा बांध घालायचा, हा त्यांचा शिरस्ता. तो हात बसावा म्हणून लढाई नसताना जवळच्या ठाण्यातले सैनिक डोंगरावर नेत आणि त्यांच्याकडून छोट्या छोट्या खोट्या छावण्या खणून घेत. सरळ बांध कुणीही घालेल. अवघड असतो तो गोलाईचा कोपरा, आणि दरवाजा — दरवाजाशी बांध आत वळवायचा, म्हणजे घुसणाऱ्याला वळावं लागतं आणि त्याची ढाल नसलेली बाजू आपल्यासमोर येते. म्हणून ह्या छावण्या कधीकधी इतक्या लहान, की चार कोपरे आणि दरवाजे सोडले तर मध्ये काही नाहीच. खणायचं, अधिकाऱ्याला दाखवायचं आणि परत जायचं. कुणी तिथे झोपलं नाही, कुणी जेवलं नाही. त्यामुळे उकरलं तरी एक खापर सापडत नाही. उरतो तो फक्त जमिनीचा आकार — गुडघ्याएवढासुद्धा नाही, गवताखाली आलेली एक सूज.

हे एवढं का सांगतेय? कारण अशी छावणी आहे की नाही, हे शेवटी माणसाच्या नजरेवर ठरतं. पुरावा म्हणून दुसरं काही नसतंच. आणि आमच्या घरात मंदारची नजर होती, आणि माझी होती.

आता तो दिवस. तो टाळून पुढे जाता आलं असतं तर गेले असते.

मला दिवस राहिले होते. तिसरा महिना सरत आला होता. हिवाळ्यातली सकाळ, मंदार डोंगरावर गेलेला. तिथे फोन लागत नसे. दुपारी मला रक्त जायला लागलं. मी त्याला फोन करत राहिले, मग टॅक्सी बोलावली, एकटी हॉस्पिटलमध्ये गेले, आणि अंधार पडायच्या सुमारास रिकामी होऊन परत आले. खालून तळणाचा वास येत होता. मी कोटासकट पलंगावर पडून राहिले.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं. चिखलाने भरलेले बूट, गारठ्याने लाल झालेलं नाक, आणि चेहरा — असा फुललेला चेहरा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "सापडली! स्मिता, सापडली बहुतेक! ऊन उतरत होतं ना, एकदम सावली पडली, कोपरा दिसला, गोल कोपरा—"

मग त्याने मला पाहिलं.

तो रडला. माझ्या पायाशी बसून खूप रडला. मी रडले नाही. पुढे कित्येक आठवडे त्याने छावणीचं नाव काढलं नाही. मी जेवले का, झोपले का, एवढंच बघायचा. चांगलं वागत होता, फार चांगलं. मला ते आठवतं. ते आठवलं की मला माझीच किळस येते.

त्याच दिवसांत ऑकलंडच्या एका इंजिनीअरिंग कंपनीतून मला फोन आला. नोकरी देत होते. ऊन, मोठं घर, समुद्र. मी मंदारला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊया. तुला इथून बाहेर पडायला हवं." मग अगदी दबकत म्हणाला, "फक्त एकदा ती टेकडी बघशील? तुमच्याकडे तिची मोजणी आहे ना?"

त्यालाही कारण होतं. त्या टेकडीवर मालकाला झाडं लावायची होती, लाकडासाठी. आधी नांगर फिरणार होता. मंदारने पुरातत्त्वाच्या कार्यालयाला कळवलं होतं की इथे काहीतरी आहे. त्यांनी काम थोडं थोपवून धरलं होतं आणि त्याच्याकडे ठोस काहीतरी मागितलं होतं. त्याच्याकडे होते फक्त संधिप्रकाशातले अंधूक फोटो. "तू बघ," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस तर नाही. माझा विषय संपला."

मी बघितलं. आणि घरी येऊन म्हटलं, नाही.

इथपर्यंतची गोष्ट मंदारला माहीत आहे. जुईला, आमच्या मुलीला, माहीत आहे. इथल्या चार मित्रांनाही माहीत आहे: स्मिताला ते चित्रात दिसलं नाही. दमलेली होती, दुःखात होती, नजरेतून सुटलं. होतं माणसाचं.

सुटलं नव्हतं.

कसं सांगू? ह्या कामात कॉम्प्युटरवर एक खोटा सूर्य असतो. गवत, झुडपं सगळं काढून टाकलेली उघडी जमीन पडद्यावर असते, आणि आपण तिच्यावर कुठूनही ऊन टाकू शकतो. सूर्य खाली, क्षितिजाजवळ आणला की बोटभर उंचवट्याचीही सावली पडते. त्या दुपारी मी मंदारची टेकडी उघडली आणि सूर्य पश्चिमेला, अगदी खाली नेला.

आणि ती उभी राहिली.

चार कोपरे, चारही गोल, पत्त्यातल्या पानासारखे. दोन दरवाजे. दोन्हींशी आत वळलेला बांध, कुणी नखाने ओढावा तसा. अंदाज करायची गरजच नव्हती. त्या क्षणी ती अख्खी छावणी पाहिलेली जगात मी एकटी होते. मंदारला दिसला होता तो फक्त एक कोपरा — तोही उजेड जाता जाता.

माझ्या अंगावर काटा आला, हेही खरं. इतकी सुंदर होती ती.

मग मी सूर्य वर नेला. हळूहळू. एकदम नाही. बांध फिका होत गेला, दरवाजे गेले, कोपरे गेले. सूर्य बरोबर माथ्यावर आला तेव्हा टेकडी कणकेच्या गोळ्यासारखी गुळगुळीत झाली होती. तरी एका बाजूला किंचित रेघ राहत होती, म्हणून जमीन नितळ करणारी एक क्रिया तिच्यावरून फिरवली. तीही गेली. मग ते चित्र छापलं आणि घरी नेलं.

मंदार ते खिडकीपाशी घेऊन गेला. कितीतरी वेळ बघत राहिला. त्याने बोट ठेवलं ते अचूक कोपऱ्यावर होतं. "इथे काहीतरी... नाही का?"

"मेंढवाडा असेल जुना," मी म्हटलं. "नाहीतर जळणासाठी पीटची माती काढल्याचे खड्डे."

"पण मी पाहिलं, स्मिता."

आणि मग मी ते बोलले. शांतपणे, मायेच्या आवाजात. "तुला हवं ते दिसतं, मंदार. तुला नेहमीच हवं ते दिसत आलंय."

तुम्ही आता कारण शोधत असाल. मीही शोधली आहेत, भरपूर. मला वेल्समधून सुटायचं होतं. छावणी खरी निघाली असती तर आणखी काही वर्षं तोच पाऊस, तेच तळण. मूल गेलं होतं, मी भानावर नव्हते. सगळं खरं आहे. पण सूर्य वर नेताना ह्यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मनात होता तो दारातला चेहरा. माझं मूल गेलं त्या दिवशी फुललेला त्याचा चेहरा. तो मला विझवायचा होता. सूड म्हणतात त्याला. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

आणि विझला तो. माझ्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी मंदारने पुरातत्त्वाच्या कार्यालयात फोन करून माफी मागितली. "माय मिस्टेक," तो म्हणत होता, "सॉरी टु वेस्ट युअर टाइम." मी शेजारी बसून टोस्टला लोणी लावत होते. आम्ही निघायच्या आत टेकडीवर नांगर फिरला. त्याचं संशोधन अर्धवट राहिलं. इथे आल्यावर पूर्ण करतो म्हणाला होता. खोकी गराजमध्ये गेली ती गेलीच.

इथे त्याने एका कंपनीत गटारांचे नकाशे तपासायचं काम धरलं. जमिनीखालचे पाईप. वर काय आहे ते बघायचं नाही. जुई झाली, फ्लॅट बुशला घर झालं, मी कंपनीत वर चढत गेले. आणि मंदार लहान लहान होत गेला. आधी रेस्टॉरंटमध्ये काय मागवायचं ते मला विचारू लागला. मग कुठला शर्ट. मग दूध. कधी ऑकलंडच्या एखाद्या जुन्या ज्वालामुखीच्या टेकडीवर फिरायला गेलो आणि तो थबकला — "अगं, ही उतरण बघ, ही नैसर्गिक नाही वाटत, माओरींनी कापलेली असेल" — की माझ्याकडे बघायचा आणि माझ्या तोंडून काही यायच्या आत स्वतःच म्हणायचा, "मला काय, हवं ते दिसतं." हा आमच्या घरातला विनोद झाला. विनोद! जुई सहा-सात वर्षांची असताना पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत त्याच्यापुढे पळायची आणि ओरडायची, "बाबा, यू जस्ट सी व्हॉट यू वॉन्ट टु सी!" मंदार हसायचा. मी हसायचे. ते वाक्य कुणाचं आहे हे तिला माहीत नव्हतं.

एका हिवाळ्यात तो कामावर जायचाच थांबला. एकच नकाशा दिवसभर पुढ्यात घेऊन बसायचा, सही करू शकायचा नाही. सगळं बरोबर असायचं आणि तरी म्हणायचा, काहीतरी चुकलेलं असणार, मला दिसत नाहीये. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माधवी आमच्या ओळखीतल्याच, मूळच्या नागपूरच्या. फार मायेने विचारत होत्या.

"झोप?"

"नाही."

"जीव नकोसा वाटतो का?"

मंदारने माझ्याकडे बघितलं. ह्याचं उत्तरसुद्धा तो मला विचारत होता, कळतंय का तुम्हाला? मग म्हणाला, "मला माझा भरवसा वाटत नाही. कशातच."

"कधीपासून वाटतं असं?"

"माहीत नाही. हळूहळूच झालं असेल."

मला माहीत होतं. हळूहळू झालं नव्हतं. मी मांडीवर पर्स धरून बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला काही आठवतं, स्मिताताई? एखादा प्रसंग? काही घडलं होतं?"

एक वाक्य. एवढंच लागत होतं. नवरा समोर बुडत होता आणि दोर माझ्या हातात होता. मी म्हटलं, "नाही हो. तसं काहीच नाही."

तो गोळ्यांवर सावरला. अर्धामुर्धा. पुन्हा कामाला लागला. मी त्याची फार काळजी घेतली. सगळे सांगतील तुम्हाला.

आणि मग गेल्या वर्षी, एका शनिवारी नाश्त्याला, तो फोन हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वेल्समधल्या कुणा विद्यार्थ्याने जुन्या मोजण्या धुंडाळताना एक सरावाची छावणी शोधून काढली होती. झाडांखाली गेलेली, नांगराने मोडलेली, फक्त त्या जुन्या आकड्यांत उरलेली. चित्र होतं. चार गोल कोपरे. दोन दरवाजे.

"ही तीच आहे ना?" मंदारने विचारलं. स्वतः शोधलेली छावणी डोळ्यांसमोर असून त्याने मला विचारलं!

"तीच वाटते," मी म्हटलं.

तो चित्र मोठं करून बघत होता. "ह्यांनी सूर्य खाली ठेवलाय," तो म्हणाला. "आपण कुठे ठेवला होता गं?"

आपण म्हणाला तो. आपण.

"आठवत नाही," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं, देव जाणे. मी रडायला लागले होते. त्याने फोन ठेवला आणि मला जवळ घेतलं. "वेडी आहेस का? तू तेव्हा कुठल्या अवस्थेत होतीस! तशात मी तुला ते बघायला लावलं. त्या दिवशी तुझ्याजवळ असायला हवं होतं मी, तर त्या डोंगरावर बसलो होतो. चूक माझी आहे, स्मिता. माझीच आहे."

मी त्याला तसं म्हणू दिलं. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, त्याने माफी मागून संपेपर्यंत, मी ऐकून घेतलं.

त्यानंतर तो ती गोष्ट लोकांना सांगू लागला. ऑकलंडबाहेर पुकेकोहेला मित्राच्या मळ्यावर जेवायला गेलो होतो, तिथेही सांगितली. मी आधी पाहिली होती ती छावणी, म्हणाला, आणि आमच्या एक्सपर्टबाईंच्या नजरेतून सुटली! सगळे हसले. "चालायचंच," कुणीतरी म्हणालं, "वहिनी पण माणूसच आहेत." मंदारने टेबलाखाली माझा हात दाबला, मला वाईट वाटू नये म्हणून.

टेकडीवरची झाडं आता तोडली आहेत, असं त्याला कळलं. जुईला शाळेची सुट्टी लागली तसं त्याने ठरवलं, जाऊन बघायचं. मला म्हणाला, "तू चल. तू असलीस की बरं." मी म्हटलं, ऑफिसमधून सुट्टी मिळत नाहीये. मी मागितलीच नव्हती.

काल संध्याकाळी मी भाजीला फोडणी देत होते तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ होती. पडद्यावर आधी जुई दिसली, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. "आई, इट्स लिटरली जस्ट स्टम्प्स," ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. "बट बाबा इज सो हॅपी. ही वॉज क्राइंग. हीप्स. खूप."

मंदारने फोन घेतला. त्याच्या मागे झाडांची खुंटं, चिखल, वाळलेल्या फांद्यांचे ढीग. "काही उरलं नाहीये गं," तो म्हणाला. "नांगराचे चर आहेत नुसते. पण कोपरा इथे होता. मी त्यावरच उभा आहे."

विचारलं नाही त्याने. सांगितलं. आणि मला — हेही सांगून टाकते — बरं वाटलं नाही. भीती वाटली.

तो जमिनीवर फोन फिरवत होता. मला खुंटं दिसत होती, त्याचे बूट दिसत होते.

"तुला एकदा तरी दिसायला हवी होती," तो म्हणाला. "अख्खी. नांगर फिरायच्या आधी."

"हो," मी म्हटलं. "दिसायला हवी होती."

परवा सकाळी दोघं परत येतील. मी विमानतळावर जाईन, मंदारच्या गळ्यात पडेन, आणि त्याला हे सांगणार नाही.